बिनओघळाचा आरसा

माहेरी उज्जैनला मी काचा पुसण्यात पटाईत समजली जात असे. समजणारी मुख्यतः मीच. खडूची पूड पाण्यात कालवून काचेवर फिरवायची, सुकू द्यायची आणि चुरगाळलेल्या वर्तमानपत्रानं कोरडी पुसायची, की ओघळ म्हणून राहत नाही. ही विद्या घेऊन मी इंदूरला, बडा गणपतीजवळच्या सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या खिडक्या पुसून काढल्या. सासूबाई म्हणाल्या, "वा, एकदम चकाचक!" तिथेच माझ्या डोक्यात हवा गेली.

सासरे दरबारच्या नोकरीतले. दरबार उरला नव्हता. मध्यप्रदेश होऊन राजधानी भोपाळला गेली होती. पण दसऱ्याला ते दरबारी पगडी घालून राजवाड्यापर्यंत चालत जात. वर्षातून तेवढंच. बैठकीतल्या उंच आरशासमोर उभं राहून पगडी भुवयांच्या वर बरोबर दोन बोटं बसेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे. हे सगळं माझं ऐकीव. आमच्यात सुनेनं सासऱ्यांसमोर मान वर करायची पद्धत नव्हती. लग्नाला चार महिने झाले तरी मी त्यांना फक्त पावलांवरून ओळखत होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी शस्त्रं घासायला निघाली. दोन तलवारी, एक कट्यार, शिवाय अडकित्ता आणि विळी. सासूबाईंनी चिंच आणि राख पुढ्यात ठेवली. "ध्यानानं करा हं, सूनबाई. पूजेत काही मैलं नको दिसायला," म्हणाल्या आणि बाजारात गेल्या.

तलवारी लखलखल्या. मग माझी नजर आरशावर गेली. तो मी दोनदा पुसला होता, तरी त्यातले तपकिरी डाग हलत नव्हते. समोरून जात नाहीत म्हणजे मळ मागे असणार, असा मी शोध लावला. आरसा उतरवला, मागची फळी काढली. खरंच, लालसर मळाचा चांगला जाड थर! इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नाही, म्हणून मला सगळ्यांची कीव आली. चिंच लावून तासभर राखेनं घासलं. लाल मळ निघाला, त्याखालचा करडाही निघाला.

आरसा उभा केला, तर त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. ओघळ मात्र एकही नव्हता.

मी रडत बसले. यजमान आले, "अरे बाप रे! आता बाबांना कोण बोलेल?" म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले. शूर घराणं. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं. सासऱ्यांनी ती नुसती काच उचलून पुन्हा जागेवर टांगली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा वर्षातला एकुलता एक दिवस मी घासून टाकला होता.

दसऱ्याला दुपारी ते यजमानांच्या दाढीच्या आरशाशी झटत होते. त्यात एक तर हनुवटी दिसे, नाही तर कपाळ. अखेर हाक आली, "सूनबाई, इकडे या."

मी पदर ओढून दारात उभी राहिले.

"आरसा तुम्ही साफ केला, आता त्याचं काम तुम्हीच करा. वर बघा. पगडी सरळ आहे का?"

मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला. परीक्षेला निघालेल्या मुलासारखा घाबरलेला होता. मला इतकं भरून आलं की पगडी एक की दोन तेच दिसेना.

"सरळ आहे," मी म्हटलं.

तिन्हीसांजेला ते परतले. मागोमाग शेजारचे गृहस्थ हसत आत आले. "दादाजी, आज पगडी टेढ़ी कैसे? पूरे राजवाड़े ने देखा!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराआड सरकले.

सासऱ्यांनी पगडीला हातही लावला नाही. "टेढ़ी नहीं है, भिया," ते म्हणाले. "हमारी बहू ने देखी है."