रगड्याखालचे चार रबर

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. आज आंबोळ्यांचं वाटताना पुन्हा हसू आलं, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या शिडाच्या होडीला इंजीन आलं, तेव्हा अख्खी वाडी खोकं बघायला अंगणात. तळाशी रबराचे चार जाड ठोकळे होते. वाटेत इंजीन आपटू नये म्हणून घातले असतील, असं मला वाटलं. माझा दगडी रगडा वाटताना डुगडुगायचा. ठोकळे त्याच्याखाली सारले – रगडा गप्प! चांगली वस्तू टाकायची कशाला?

सासऱ्यांनी होडीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. वाडीत गाऱ्हाणं त्यांचंच – एकेका देवाला नावाने हाक, आणि मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" मग इंजीन सुरू झालं आणि होडी अशी थरथरली, की खिळे ढिले व्हायला लागले. "ह्या होडयेत चाय तोंडात नाय, कानात जाता," खलाशी म्हणायचे. मीही पोट धरून हसले. पण हळूहळू कुजबुज सुरू झाली – म्हाताऱ्याने गाऱ्हाण्यात कुठला तरी देव वगळला.

महिन्याभराने शेजाऱ्यांच्या होडीत इंजीन बसवताना मेस्त्री सांगत होता, "हे रबर खाली व्हयेच. हादरो ते खातत, नायतर होडयेक खावचो लागता." मी माशांची पाटी घेऊन तिथेच उभी. घरी जाऊन चार शब्द बोलायचे होते – एवढंच ना? मी मेस्त्रीला बाजूला घेतलं आणि आमच्या इंजिनाखाली ट्रकच्या टायरचे तुकडे गुपचूप बसवायला लावले. आमचं इंजीन त्यानेच बसवलं होतं, आणि तेव्हा रबर मागायला तोही विसरला होता. तोही गप्प.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या सांगण्यावरून सासऱ्यांऐवजी नवऱ्याने नवं गाऱ्हाणं घातलं. इंजीन एका सुरात घुमलं, माणसं वाळूत नाचली. सासऱ्यांनीही हात जोडले. मला म्हणाले, "मीच खयचो तरी देव इसारलंय गो."

मी काय म्हणाले? काही नाही. वाडी मला शहाणी सून म्हणायची, ते नाव मला सोडवत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कधी गाऱ्हाणं घातलं नाही. मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचे – सगळ्यांत मोठ्याने. आंबोळ्या मात्र मिटक्या मारत खायचे. "तुझो रगडो बघ, कसो गुमान फिरता!"

मी ताटात आणखी एक वाढायची.

रबर अजून तिथेच आहेत.