अण्णाची चाप्स आणि शहापूरचे शिंपीमामा

रविवारी सकाळी खानापूरहून वहिनीचा फोन आला. "आक्का, घाबरू नको... ह्यांच्या पायावर मशीन आली. पण काय झालं न्हाय, खरंच काय झालं न्हाय!" ती हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येणार नाही.

मशीन म्हणजे चेनसॉ, झाडं कापायची पेट्रोलवर चालणारी करवत. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, गेल्या वर्षी ती घेतली. गावाकडे आमच्या बांधावर बाभळी आणि आकेशिया माजलेत आणि पडलेल्या फांद्या काढायला माणूस मिळत नाही.

घेतली ते ठीक... पण हा गडी ती चालवायचा लुंगी गुडघ्यावर खोचून, पायात स्लिपर घालून! मी एकदा बघितलं. करवतीचे दात पायाच्या इतके जवळून फिरत होते की मी डोळे मिटून घेतले.

मग मी कंबर कसली. रात्रंदिवस व्हिडिओ बघितले, बेळगावातली दुकानं पालथी घातली. जाळीचं हेल्मेट, कानावरचे मफ, गॉगल, हातमोजे, पुढं स्टील असलेले बूट... आणि सगळ्यात महत्त्वाची चाप्स. म्हणजे नेहमीच्या पँटवर पुढून बांधायचं जाड संरक्षण, कमरेपासून घोट्यापर्यंत. दुकानदारानं आतल्या थराचा एक तुकडाही दिला, घरी दाखवायला म्हणून.

अण्णानं सगळं घातलं आणि आरशात बघून म्हणाला, "ह्ये घालून शिवारात गेलो तर बैलबी बुजतील की गं!" हेल्मेट, बूट त्यानं कुरकुरत मान्य केले. पण अण्णा अंगानं किरकोळ. चाप्स त्याला एवढी ढगळ की बाजूला फिरायची आणि पायात यायची. झालं, त्याला निमित्त मिळालं. "पाय अडकून पडीन मी. न्हाय घालणार."

लहान साइज मागवायला दोन आठवडे लागणार होते आणि अण्णाला तर येत्या रविवारीच फांद्या पाडायच्या होत्या. आता आमच्या घरची एक खोड सांगते. रेडिमेड काहीही आणलं की ते आधी बेळगावातल्या शहापूरला आमच्या शिंपीमामांकडे जातं. युनिफॉर्म, ब्लाउज, अगदी रेनकोटसुद्धा! जरा मोठं घ्यायचं आणि मामांकडून बारीक करून आणायचं, हे आमच्या आईपासून चालत आलंय. मीही चाप्स पिशवीत घातली आणि निघाले.

मामांनी खडू घेतला, कडेनं रेघ मारली, कात्री उचलली... आणि थांबले. कापड दोन बोटांत धरून चोळत राहिले. "आक्का, आत काय भरलंय ह्यात? सरकतंय बघा."

मी पर्समधून तो तुकडा काढून दिला. मामांनी सुईच्या टोकानं एक धागा ओढला. तो येतच राहिला... हातभर पांढरा धागा बाहेर आला आणि मामांचा चेहरा बदलला.

"ब्याडरी आक्का, नको! ह्येला कात्री लावायची न्हाय. ह्यो धागा मुद्दाम मोकळा सोडलाय. मशीनचे दात लागले की ह्यो भसाभस बाहेर येणार, चाकात गुंडाळणार, मशीन जाग्यावर बंद. आमच्या घरी कापड विणायचा माग हुता, सुटा धागा गुतला की तसंच व्हायचं. मी टाका मारला तर धागा बांधला जातोय. मग तो सुटायचा कसा?"

मी गारच पडले. घाईघाईनं आतलं लेबल उलटं करून वाचलं. शिवू नका, कापू नका, स्पष्ट इंग्रजीत लिहिलेलं! आणि मी शाळेत गेली अठरा वर्षं इंग्रजी शिकवते... कुठं तोंड लपवू असं झालं.

मामांनी खडूची रेघ ओल्या फडक्यानं पुसून दिली. एक पैसा घेतला नाही. दुकानदारानंही चाप्स बदलून द्यायचं कबूल केलं, पण दोन आठवडे थांबावं लागणार होतं. अण्णा कसला थांबतोय! शेवटी वहिनीनं मशीनच संकेश्वरला आपल्या माहेरी पाठवून दिली. बसा म्हणाली आता.

लहान चाप्स आली, अगदी अंगाबरोबर बसली. मशीनही माहेरपण करून परत आली. आणि परवाच्या रविवारी...

अण्णा आडवी फांदी कापत होता. खालचा बुंधा अचानक हलला, मशीन उसळली आणि डाव्या गुडघ्याच्या वर आदळली. एकदम बंद! चाप्सला ही एवढी चीर, त्यातून बाहेर आलेले पांढरे धागे आणि ते चेनमध्ये गच्च अडकलेले. खाली पायावर फक्त एक निळा डाग. अण्णा दहा मिनिटं तिथंच मातीत बसून होता म्हणे.

काल संध्याकाळी आम्ही दोघं कुंद्याची मिठाई घेऊन शहापूरला गेलो. फाटलेली चाप्स टेबलावर ठेवली. मामांनी चिरेत बोट घातलं, मग खाली वाकून अण्णाचा गुडघा दोन्ही हातांनी चाचपून बघितला. "ही आता वापरू नका," एवढंच म्हणाले, "धागं संपल्यात हितलं. नवी घ्या." ती तर मी सकाळीच दुकानात सांगून आले होते!

आमचा अण्णा कुणाला आभार वगैरे म्हणणाऱ्यातला नाही. तो स्टुलावरून उठून मामांसमोर ताठ उभा राहिला.

"मामा, टेप काढा. पँट शिवायची हाय... दोन्ही पायांची."

मामा हसत हसत माप घ्यायला बसले आणि मी पदरानं डोळे पुसत बाहेर आले. मामा, तुम्ही ही पोस्ट वाचणार नाही, माहीत आहे. पण त्या दिवशी तुम्ही कात्री खाली ठेवलीत ना... आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत.