वरचा उजवा कोपरा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी धुळ्याच्या आमच्या नर्सिंग स्कूलात कॉम्प्युटर आला. त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. मी मुलींना इंजेक्शन द्यायला शिकवायची. माझं सामान म्हणजे मोसंबी, सुई आणि चढा आवाज. त्या डब्याचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. ज्याला रुग्णाचं कण्हणं ऐकू येत नाही, तो नर्स काय घडवणार!

प्राचार्य मॅडम मात्र खूश. पडद्यावर पालथ्या माणसाचं चित्र यायचं. कुल्ल्याचे मनात चार भाग करायचे आणि वरच्या, बाहेरच्या भागावर माउसने टिचकी मारायची. बरोबर आलं की टुणकन आवाज. प्रत्यक्षात सुई आतल्या बाजूला गेली तर पायाची नस दुखावते, माणूस जन्माचा लंगडा होतो. पण मुली आता प्रश्न संपायच्या आत टिचकी मारायच्या. मला ते खटकायचं. विचार केल्याची एक तरी आठी कपाळावर दिसायला नको का?

जामनेरकडची एक मुलगी कधीच चुकत नसे. वॉर्डात स्टाफ नर्सच्या हाताखाली ती इंजेक्शनं द्यायलाही लागली होती. राहवेना, म्हणून एके सकाळी मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

दोंडाईच्याचे एक आबा पालथे झोपले होते. उजवीकडे सुया घेऊन घेऊन गाठ आलेली, म्हणून आज डावी बाजू. तिने स्पिरिट लावलं आणि सुई नेली ती थेट आतल्या बाजूला. मी तिचं मनगट धरलं.

"अगं, कुठे टोचतेस?"

"वरचा उजवा कोपरा, सिस्टर," ती शांतपणे म्हणाली.

पडद्यावरच्या माणसाचा फक्त उजवा कुल्ला दाखवायचे. त्याचा उजवा कोपरा बाहेर येतो, डाव्याचा आत. मी तिच्या हातातली सुई काढून घेतली.

आबा उशीतूनच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई, टोचू द्या तिले. पोर भलती हुशार शे."

व्हरांड्यात नेऊन मी तिला विचारलं, "याआधी कुणाला डाव्या बाजूला दिलं होतंस?"

"नाही, सिस्टर."

माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं होतं.

निवृत्त होऊन वर्षं झाली. अजूनही एसटी स्टँडवर कुणी लंगडताना दिसलं, की मी आधी पाय बघते. डावा असला, की विचारावंसं वाटतं आणि विचारवत नाही.