शारजाच्या दालनातले काळे बूट

स्वतःविषयी माणसाने दिलेले उत्तर ऐकणाऱ्याला अपुरे वाटले, म्हणून ते उत्तर नव्हे असे ठरत नाही. या प्रवासवर्णनातून मला एवढे एकच विधान सिद्ध करायचे आहे. पुरावा म्हणून एक प्रदर्शन आणि बुटांचा एक जोड सादर करतो.

आधी पूर्वपक्ष. महाविद्यालयात मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर, दोन हजार साल उलटल्यावरच्या एका हिवाळ्यात, दुबईला गेलो तो एक निर्णय खिशात घेऊनच. माझी मुलगी वृंदा तेव्हा बर दुबईत राहत असे. तिची मुलगी इरा अकरा वर्षांची होती. इराला मराठी सगळे समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. माझा युक्तिवाद असा होता: ज्याला एक भाषा नाही त्याला एक घर नाही, ज्याला एक घर नाही त्याला ओळख नाही, सबब इराने जूनपासून पुण्यात, माझ्याकडे राहून शिकावे. वृंदा आणि जावई यांना ते निम्मे पटले होते. प्रवेश निश्चित करून, शाळेच्या नियमाप्रमाणे पट्ट्याचे काळे बूट बरोबर घेऊनच मी विमानात बसलो. इराला कोणी विचारले नव्हते.

प्रदर्शनाची बातमी वृंदाने वर्तमानपत्रात वाचली. आफ्रिकेतल्या आजच्या काही कलावंतांचे समूहप्रदर्शन, विषय ‘ओळख’. माझ्या मुद्द्याला उदाहरणे मिळतील, या हिशेबाने मी होकार दिला. निघताना इराला नवे बूट घालायला लावले. जूनपर्यंत ते पायात बसायला हवेत. टाचेला चावतात म्हणून तिने जुन्या सपाता पाठीवरच्या पिशवीत टाकल्या.

जाणाऱ्यांसाठी तपशील: बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी, तेव्हा पन्नास फिल्समध्ये, म्हणजे अर्ध्या दिरहमात, पलीकडे देराला नेई. देरातून शारजाला माणशी पाच दिरहमात वाटणीची टॅक्सी मिळे. “म्हणजे पासष्ट रुपये,” वृंदा सवयीने म्हणाली. पठाण चालकाने मला पुढे बसवले. “यल्ला चाचा, बैठो. मागे मायलेकी बसू दे,” असे त्याने अरबी-हिंदी-मराठीच्या मिश्रणात सांगितले, मुंबईत आठ वर्षे काढली होती म्हणे. शुक्रवारी दालने दुपारी चारनंतर उघडत. परतताना गर्दीत तास-दीड तास सहज जातो, तो धरूनच निघावे.

प्रदर्शन जुन्या वस्तीतल्या जाड भिंतींच्या, थंड खोल्यांत होते. प्रवेश विनामूल्य. सेनेगलच्या एका चित्रकाराने पासपोर्टच्या अर्जातला ‘जन्मस्थान’ हा रकाना भिंतीएवढा रंगवून कोरा ठेवला होता. मी तो आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मनात नोंदवला.

शेवटच्या खोलीच्या दाराशी पादत्राणांची लांब ओळ होती आणि आत चटई. मी सवयीने कोल्हापुरी काढून ओळीच्या शेवटी ठेवली आणि आत गेलो. माझे पाहून इरानेही बूट काढले.

“बाबा, ती ओळ म्हणजेच चित्र आहे. पाटी वाचा ना जरा,” वृंदा हळूच म्हणाली.

कोपऱ्यात बसलेली बाई हसली. ही साल्मा, त्या कामाची कलावंत, जन्माने झांझिबारची. पुढचे बोलणे इंग्रजीत झाले. “तुम्ही पहिलेच, ज्यांना पाटीची गरज पडली नाही,” ती म्हणाली. “माझे आजोबा ओमानचे. मस्कतमध्ये मला आफ्रिकन म्हणतात, झांझिबारमध्ये अरब. म्हणून ‘कुठली’ हा प्रश्न मी सोडून दिला. मी विचारते, चपला कुठे काढता? ज्याला वाटेल तो एक जोड इथे ठेवतो आणि चिठ्ठीवर उत्तर लिहितो.” मग ती इराकडे वळली. “तू कुठे काढतेस?”

“पुण्याला,” मी म्हणालो.

“मी तिला विचारलं होतं.”

“ती जरा लाजाळू आहे.”

साल्माने मान हलवली आणि पुन्हा काही विचारले नाही. मी वृंदाला घेऊन शेजारचे दालन पाहायला गेलो. इरा तिथेच थांबली.

पुढे एका केरळी उपाहारगृहात पोरोटा आणि कडक चहा घेताना माझे लक्ष इराच्या पायांकडे गेले. सपाता.

“बूट कुठे आहेत?”

“इट्स ओके, आजोबा.”

“नवे बूट विसरून इट्स ओके?”

तिने आईकडे पाहिले. वृंदा म्हणाली, “बाबा, राहू देत.” त्या दोन शब्दांचा अर्थ मी विचारायला हवा होता. मी एकटाच परत गेलो.

साल्मा नमाजासाठी गेली होती. पहारेकरी मलबारी होता. “साब, वो रखा हुआ है. टच नहीं करना.” मी त्याला क्रमाने समजावले: मुलगी अल्पवयीन आहे, तिच्या वस्तूंचा निर्णय पालकाचा, पालक समोर उभा आहे. तो दारातून बाजूला झाला. “आप बड़े हैं. ले जाओ,” तो म्हणाला. वाद मी जिंकला होता.

बूट मी माझ्याच बॅगेत भरले. जूनमध्ये लागणार होते. पुण्यात सामान उपसताना उजव्या बुटाच्या टोकात घडी घातलेली चिठ्ठी सापडली. इंग्रजीतल्या तीन वाक्यांचा अर्थ असा: ‘हे बूट पुण्यात राहणाऱ्या मुलीसाठी आणले आहेत. मी माझे बूट बर दुबईत काढते. दाराच्या डाव्या बाजूला, बाबांच्या बुटांजवळ.’

मी ती परीक्षकाच्या नजरेने पुन्हा वाचली. उत्तरात स्थळ होते, दिशा होती, साक्षीदार होता. गुण कापायला जागा नव्हती.

संध्याकाळी दुबईला फोन लावून इराला बोलावले आणि साल्माचाच प्रश्न विचारला.  तिच्या वतीने उत्तर दिले नाही. मग तिने चिठ्ठीतलेच उत्तर दिले, या वेळी मराठीत, अडखळत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी प्रवेश रद्द केला.

प्रवासातून काय उरले, तर हे बूट. ते परत पाठवण्यासाठी वृंदाकडून चौकशी करवली, तेव्हा प्रदर्शन उठले होते. ठेवायला ओळच शिल्लक नव्हती.

कबुली: बूट विसरलेले नव्हते, ठेवलेले होते. मी ते उचलून आणले. ही चूक माझी.

— य. वि. टिळेकर, पुणे