चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी

दस्तगीरचाचा कुणाकडे गेले की आधी पायरीवर घटकाभर गप्प बसत आणि मगच हाक मारत. "घराला कळू द्यावं, कोण आलंय त्ये," म्हणत. मला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटे. ते दरबारच्या चित्तेखान्यात चाकरीला होते. महाराज शिकारीला निघाले की चित्त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचे, डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढायची आणि काळविटामागे सोडायचे, हे त्यांचे काम. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

मी शाळामास्तर. शाळेची माझी वाट चित्तेखान्यावरून जाई. नवा चित्ता आला की चाचा महिना महिना त्याला ज्या खाटेवर बांधून ठेवत तिच्याशी बसलेले दिसत. एक हात त्याच्या पाठीवर आणि तोंडाने काहीतरी हळू आवाजात चाललेले.

"काय सांगता एवढं त्याला?" मी एकदा विचारले.

"काय न्हाई की. ऊन लई हाय, आज मटण चांगलं आलंय, असलंच. मी हितं हाय, एवढं त्याला उमगलं म्हंजे झालं."

त्याच वर्षी आमची चार वर्षांची सुमी तापाने गेली. घर खायला उठले. नदीकाठच्या मठातल्या एका स्वामींनी मला ध्यान शिकवले आणि मी रोज दिवेलागणीला देवघरात डोळे मिटून बसू लागलो. आश्चर्य म्हणजे मला ते जमले! हळूहळू सुमी डोळ्यांपुढे येईनाशी झाली. शाळेत मी पुन्हा हसू लागलो. खोटे कशाला सांगू, या प्रगतीचा मला चांगलाच गर्व झाला होता. बायको मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालली. बिचारीला साधना नाही, असे म्हणून मी तिची कीव करत असे.

एका सकाळी हे सगळे मी चाचांना ऐटीत ऐकवले. त्यांनी ऐकून घेतले आणि खाटेवरच्या चित्त्याकडे बोट दाखवले. टोपी घातलेला तो चित्ता शांत बसला होता.

"कसा वाटतुया?"

"समाधी लागल्यासारखा."

"टोपी हाय म्हणून. ह्यो निवला न्हाई मास्तर, ह्याला नुसतं दिसंना झालंय. टोपी काढल्यावर, समोर माणसं बगून गप बसंल, त्या दिशी म्हणायचं निवला." मग सहज विचारल्यासारखे म्हणाले, "तुमी डोळं मिटून बसता तवा मास्तरीणबाई काय करत्यात?"

मी चिडलो. "चाचा, ध्यान म्हणजे जनावर माणसाळवणं नव्हे! तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"कायबी कळत न्हाई," ते जराही न रागावता म्हणाले. "पर बसायचं कशापायी, त्ये ठावं हाय. जे बगवत न्हाई, त्ये बगायची हिंमत यावी म्हणून बसायचं."

दिवसभर वर्गात माझे लक्ष लागले नाही. संध्याकाळी नेहमीप्रमाणे देवघरात बसलो, पण डोळे मिटले नाहीत. दारातून माजघर दिसत होते. बायकोने तेलाची वाटी घेतली, फणी घेतली आणि खांबाला टेकून बसली. सुमीची वेणी घालायची वेळ ती. समोर कुणी नव्हते. तरी ती तशीच बसून राहिली, आणि रोजच बसत असावी.

उठून आत जायला मला फार वेळ लागला. मी तिच्यासमोर बसलो.

"तिच्या केसांत गुंता फार व्हायचा," मी म्हणालो.

तिने मान वर केली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे सरळ पाहत होती.

"मला वाटलं, तुम्ही तिला विसरलात."

"विसरायलाच तर बसत होतो गं," मी म्हणालो, आणि सुमी गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आले.