मागचे पाय

गाढवाची अर्धी कातडी बादलीत होती आणि अर्धी मोरीच्या नळाला बांधलेली. जाड करड्या कापडाचं ते धूड मागचे काका एकटेच पिळत होते. देवाने माणसाला हात दोनच दिले, पण असलं कापड पिळायला चार लागतात. एरवी दुसरं टोक पुढच्या काकांच्या हातात असायचं आणि पिळता पिळता त्यांची टकळी चालू असायची. आता तिथे नळ होता.

दोघे विदूषक. नाकावर लाल चेंडू लावून आधी धडपडायचे आणि शेवटी दोघे मिळून एक गाढव व्हायचे. पुढचे काका डोकं आणि पुढचे पाय. हे कमरेत वाकून मागचे पाय. मुलांनी त्यावरूनच नावं पाडली, ती चिकटली. साहेबाच्या पुढे आणि घोड्याच्या मागे उभं राहू नये म्हणतात. काकांचा जन्म गाढवाच्या मागे गेला. आतून दिसायची ती सोबत्याची पाठ, आणि बाहेरून यायचं हसू. पुढचे काका म्हणायचे, हसतात ते माझ्या कानांना, तू आपला पाय हलव. काका हलवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही; दिवसभरात बोलायचं ते एवढ्या एकाच माणसाशी.

मग पुढच्या काकांचे गुडघे गेले आणि लेकीने त्यांना आपल्या गावी नेलं. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, आता पुढे तुम्ही व्हा, मागे आमचे पडदे रंगवणारा रंगारी देते. शाळेतला नेहमीचा खेळ पडला तर पुढच्या खेपेला जादूगार बोलावीन. काकांना दुसरा धंदा येत होता कुठे?

कापड वाळलं, खेळाचा दिवस आला. गाढवाच्या तोंडातल्या भोकातून काकांनी पहिल्यांदाच समोर बसलेली मुलं पाहिली. त्यांनी कान हलवले, मान डोलावली. एकही पोर त्यांच्याकडे बघेना. सगळ्यांच्या नजरा शेपटीकडे. मागचे पाय आता बसकण मारतील, आता अडून राहतील, म्हणून डोळे लावून बसलेली. रंगारी बिचारा सरळमार्गी. रांगेत उभा असल्यासारखा शिस्तीत चालत होता.

पहिल्या ओळीतल्या एका चिमुरडीने भिंतीशी उभ्या असलेल्या त्या कार्यक्रमवाल्या बाईंना विचारलं, "मागचं गाढव आज आलं नाही का?"

इतकी वर्षं हसू कुणाचं होतं ते काकांना तिथे कळलं. त्यांनी पुढचे पाय दुमडून मधेच बसकण मारली, रंगारी मागून येऊन आदळला, तेव्हा कुठे मुलं हसली. खेळ कसाबसा तरला.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. कानांवरून एक चांगला टोमणा तयार ठेवला होता. फोन लेकीने उचलला. बाबा आत्ताच झोपले, उठवू का म्हणाली.

"नको. गाढव बरं आहे म्हणावं."

ज्याला सांगावं असा एकच माणूस, आणि तो झोपलेला. काकांनी तो टोमणा एकदा भिंतीकडे बघून मारला. काही मजा आली नाही.

मग त्यांनी बाईंना कळवलं, मी मागेच. रंगारी पुढे चालत असेल तर बघा, नाही तर बोलवा तुमचा जादूगार. बाई जरा कुरकुरल्या, पण त्या पोरीचं बोलणं त्यांच्याही कानावर होतं, हो म्हणाल्या. रंगारी पुढच्या काकांपेक्षा वीतभर उंच. गाढवाच्या मानेचं कापड वाढवायला हवं होतं. ते बगलेत मारून काका शिंप्याकडे निघाले.