सुकरामनं आवाज दिला नाही

पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात. पोस्टच्या खाली नाला, नाल्यात मासे, आणि मासे मारायची मनाई. भंडारा जिल्ह्याच्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुठल्या कोर्ट मार्शलनंही दिली नसती.

मी तेव्हा नायक होतो, सेक्शन कमांडर. सुकराम दिघोरे नुकताच ट्रेनिंग संपवून पलटणीत आला होता. माझं गाव एकोडीच्या शिवाराला लागून, त्याचं तिथून सायकलच्या अंतरावर. जातीचा ढीवर. बाप, आजा, पणजा सगळे तलावात डोंगा हाकणारे. पोस्टवर सकाळी दात घासताना तो खालच्या पाण्याकडं असा पाहायचा, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं पाहतो. "उस्ताद, थे पाहा. दगडाच्या आडोश्याले मोठी मासोई हाय." मला दगडही नीट दिसत नसे. 

रोजचं काम ठरलेलं. पहाटे गस्त, नाल्याच्या काठानं वर, पुलापर्यंत. पुढं स्काउट, मागं बाकीचे, दोघांत दहा पावलांचं अंतर. बोलणं बंद. हाताचे इशारे फक्त. मूठ वर म्हणजे थांबा, तळहात खाली म्हणजे बसा. बूट कसा टाकायचा, पाण्याच्या बाटलीला कापड का गुंडाळायचं, शिंक कशी गिळायची, हे सगळं शिकवलेलं असतं. नागरिकांना वाटतं फौजेत बंदूक चालवायला शिकवतात. फौजेत आधी गप्प बसायला शिकवतात.

सुकरामची स्काउट म्हणून ती पहिलीच गस्त होती. नाल्याचं वळण आलं आणि हा पठ्ठ्या मोठ्यानं खोकलला. साधा खोकला नाही, घसा खाकरून, "हो-हो" करत. सगळी गस्त जमिनीवर आडवी. सुभेदार साहेब सरपटत पुढं आले.

"किसने खाँसा?"

"मैंने, साहब."

"बीमार है?"

"नहीं, साहब."

"तो?"

पोस्टवर परतल्यावर साहेबांनी त्याच्या पाठीवर भरलेला पिट्ठू दिला आणि फ्रंट रोल सुरू केले. उलटी होईपर्यंत. उलटी झाल्यावर पुन्हा. संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसलो.

"काहून खोकलला बे?"

"वळन आलं ना उस्ताद. वळनावर आवाज द्या लागते."

"कोनाले?"

"अस्वलाले."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. मग त्यानं सांगितलं, आणि ते मलाही ठाऊक होतंच. आपल्याकडच्या जंगलात नाल्यानं जाणारा माणूस मुकाट्यानं जात नाही. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया डबा वाजवत जातात. ढीवर गडी प्रत्येक वळणावर खोकलतो. वाघ माणसाची चाहूल घेऊन स्वतःच बाजूला होतो, पण अस्वल वारुळात तोंड खुपसून बसलं की त्याला जगाची खबर नसते. एकदम जवळ गेलं की दचकतं, आणि दचकलेलं अस्वल सरळ तोंडावर येतं. सुकरामच्या बापानं त्याला चालायला शिकवलं तेव्हाच खोकलायलाही शिकवलं होतं.

"अबे, इथं अस्वल नाही, माणूस गोळी घालते," मी म्हणालो.

"समजलं उस्ताद. आता नाही होनार."

आणि खरंच नाही झालं. सुभेदार साहेबांनी काम पक्कं केलं होतं. पुढच्या वर्षी कंपनीत सुकरामसारखा स्काउट नव्हता. पालापाचोळ्यावरून जायचा, पण पान हलायचं नाही. एकदा अँबुशमध्ये मुंग्यांच्या रांगेवर पडून होता. उठला तेव्हा पोट सुजून लाल, आणि तोंडातून हूं की चूं नाही. साहेब सगळ्यांना त्याचं उदाहरण द्यायचे. रेडिओवर त्याचा रिपोर्ट इतकाच असायचा. "रास्ता साफ. ओव्हर." त्याच्या मागून चाललेला आमचा एकही माणूस कधी पडला नाही. माझ्यासकट सगळे धडधाकट घरी आलो. हे मी कबूल करतो, नाहीतर म्हणाल हवालदार नुसता फौजेच्या नावानं बोटं मोडतो.

मी हवालदार होऊन रिटायर झालो. त्याच सुमारास सुकरामही नायक होऊन आला. मी धानाच्या बांध्यांत लागलो. त्यानं बापाचा डोंगा दुरुस्त केला, पण गावच्या तलावाची मासेमारी आता संस्थेकडं आणि संस्था दोन-चार पुढाऱ्यांच्या खिशात. सीमेवर देशाचं पाणी राखणाऱ्याला गावच्या पाण्यात जाळं टाकायची परवानगी नाही. मी चिडलो. तो नाही. "जाऊ द्या उस्ताद, जंगलातला नाला तर कोनाच्या बापाचा नाही," एवढंच बोलला.

मग आम्ही दोघं उन्हाळ्यात नाल्यावर जाऊ लागलो. पाणी आटत आलं की नाल्यात डोह तेवढे उरतात आणि मासे त्यांत गोळा होतात. सुकराम गरीला बेडूक लावायचा, मरळ बेडकावर येते. शिंगीसाठी मुळांखाली हात घालायचा. शिंगीचा काटा लागला तर माणूस गाव डोक्यावर घेतो. याला लागायचा, हा बोट झटकायचा, बस.

आणि काय काय पाहिलं आम्ही! चार पावलांवर पाणी पिणारं सांबर. पाणमांजरांचं अख्खं कुटुंब, डोहात मासे फेकून खेळणारं. एकदा पट्टेदार वाघाची पाठ, नाला ओलांडून जाताना, ऊन पडलेली. गावातले लोक म्हणायचे, आम्हाले तर कधी काही दिसत नाही. आम्ही मिशीत हसायचो. तुम्ही बोंबलत जाता, तुम्हाला काय दिसणार. आम्ही फौजी. आमच्या पायांचा आवाज आम्हालाही येत नाही. फार मस्ती होती आम्हाला त्या गोष्टीची. सुकरामची बायको यमुना एकदा म्हणालीही, "भाऊजी, बोलत जा जी वाटेनं. माहा सासरा खोकलत जाये." आम्ही दोघांनी हो म्हटलं. बाईमाणसाला हो म्हणायला काय जातं.

मे महिना होता. तेंदूपानांचा हंगाम. उजाडताना निघालो. पुढं सुकराम, खांद्यावर गरीची काठी. मागं मी, हातात बांबू. दोघांत दहा पावलं. कुणी ठरवलं नव्हतं. पायांनाच तसं चालायची सवय.

दुसऱ्या वळणावर कहूचं, म्हणजे अर्जुनाचं, मोठं झाड आहे. त्याच्या बुंध्याआड वारूळ. सुकराम वळणावर पोचला आणि त्याची डावी मूठ वर गेली.

मी थांबलो. श्वास रोखला. तो एका गुडघ्यावर बसला. फायर पोझिशन. हातात रायफल नव्हती, गरीची काठी होती. त्याला आवाज आला असणार. मग मलाही आला, फुरफुर, भात्यासारखा. पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. झाडाच्या पलीकडं काळं काहीतरी हललं. अस्वलीण होती, बाजूला दोन पिल्लं. तोंड वारुळात. अजून तिला आम्ही कळलो नव्हतो. तेव्हा एक खोकला पुरला असता. एक शिवी पुरली असती. पाण्यात एक दगड पुरला असता. पण दोन फौजी, एक बसलेला, एक उभा, दोघंही पुतळ्यासारखे गप्प. शत्रू दिसला की आवाज करायचा नाही, हे आमच्या हाडांत गेलेलं. आणि गुडघ्यावर बसल्यामुळं सुकरामचं तोंड नेमकं तिच्या तोंडाच्या उंचीवर आलं होतं.

तिनं दम घ्यायला मान बाहेर काढली.

ते किती वेळ चाललं मला सांगता येत नाही. मी बांबू घेऊन धावलो, तेव्हा कुठं माझ्या घशातून आवाज निघाला. ती पिल्लांना घेऊन झाडीत गेली. सुकरामचं तोंड कसं झालं होतं ते मी यमुनालाही सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. माझा दुपट्टा त्याच्या जबड्याखालून डोक्यावर घट्ट बांधला. नाडी चालू होती. शुद्धीवर होता.

वर टेकाडावर चढलो तेव्हा फोनला रेंज आली. रुग्णवाहिकेला लावला.

"रुग्ण कुठे आहे?"

"एकोडीच्या पूर्वेचं जंगल. नाल्याचं दुसरं वळण. पक्का रस्ता दक्षिणेला, दीड किलोमीटर."

"घराजवळची खूण सांगा."

"घर नाही. जंगल आहे."

"मंदिर, शाळा, काही?"

"अस्वल आहे. चालेल?"

"सर, नीट बोला."

मी फोन बंद केला. डोंगरात धुक्यामध्ये मी रेडिओवर ठिकाण सांगून हेलिकॉप्टर अचूक जागेवर उतरवलं आहे. माझ्या जिल्ह्यात मला मंदिर सापडलं नाही म्हणून गाडी आली नाही.

खाली उतरलो आणि त्याला खांद्यावर घेतलं. फायरमन्स लिफ्ट. तरुणपणी याच सुकरामला घेऊन सरावात पळालो होतो, तेव्हा तो हसायचा. आता माझी पाठ गरम, ओली होत होती. थोड्या अंतरावर डबा वाजल्याचा आवाज आला, मग बायांची बडबड. पानं तोडायला निघालेल्या चार जणी होत्या. त्यांनी किंचाळण्यात वेळ घालवला नाही. पानं बांधायची चादर पसरली, चार कोपरे धरले आणि चालू लागल्या. त्यातली म्हातारी माझ्या बाजूला होती.

"आवाज नोयता केला काय जी?"

"नाही, माय."

"फौजी ना तुम्ही दोघंबी?"

"हो."

"मंग येवढंबी नाही शिकवत काय थे?"

पानांच्या ठेकेदाराचा टेम्पो रस्त्यावर उभा होता. मागच्या हौद्यात सुकरामचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. ड्रायव्हर बिचारा जीव तोडून हाकत होता, पण रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला सुकरामची बोटं माझ्या कमरेच्या पट्ट्यात रुतत. दुखत होतं त्याला, मला कळत होतं. आणि तो गप्प. कण्हणंसुद्धा नाही.

मला सहन होईना. मी ओरडलो, "अबे सुक्या, ओरड ना! बोंबल! कोनी नाही इथं! कोनी नाही आयकून राहिलं बे, ओरड!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. एक डोळा शिल्लक होता. मला वाटलं, आता ओरडेल. त्यानं ओठांचं जे काही उरलं होतं ते मिटलं आणि सुभेदार साहेब पाहत असल्यासारखा ताठ झाला.

साकोलीचा दवाखाना यायच्या आधी पट्ट्यातली बोटं सैल पडली. ड्रायव्हरला सांगितलं, आता हळू चालव.

गावात शाळेपुढं शहिदांच्या नावांचा दगड आहे. मी सरपंचाकडं गेलो, सुकरामचं नाव घाला म्हणालो.

"हवालदारसाहेब, दिघोरे सीमेवर नाही ना मेले," तो समजावणीच्या सुरात बोलला. "जनावरानं मारलं. उद्या साप चावलेल्याचं नाव घाला म्हनतीन लोकं."

"जनावरानं नाही मारलं. सवयीनं मारलं. अन् थे सवय सरकारनं लावली."

"बसा, चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. सव्वीस जानेवारीला तोच सरपंच त्या दगडाला हार घालतो आणि मला भाषणाला बोलावतो. सीमेवरचं काहीतरी थरारक सांगा, म्हणतो. 

तेरवी झाली. पाहुणे गेले. यमुना ओसरीत तांदूळ पाखडत बसली होती. मी निघालो तशी तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, शेवटी काय बोलला?"

"काही नाही."

"कनलाबी नाही?"

"नाही."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"माही पहिली पोर गेली, तवा सुट्टीवर आलता. असाच बसला होता भिताडाले टेकून. डोयात पानी नाही, तोंडात सबद नाही. मी म्हनलं, कसा दगडाचा माणूस हाय हा. याले दुखतच नाही. येवढी वर्षं मी मनात तेच धरून बसली जी." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्याले रडता येत नव्हतं काय?"

"पलटणीत शिकवते तसं."

"रडनं बंद कराले?"

"आवाज बंद कराले."

"अन् मंग घरी पाठवाच्या आधी, चालू कराले कोन शिकवते?"

मी घरी येऊन वही काढली.

नायक सुकराम दिघोरे, स्काउट. गावच्या दगडावर त्याचं नाव नाही, म्हणून इथं लिहिलं.